पाणी जातं कुठं?

कुंभार्ली घाट चढताना पोफळी गाव मागं पडलं की चढ लागला हे आधी कानांना कळतं. इंजिनाचा आवाज जड होतो, तिसरा गियर पुरत नाही, दुसरा टाकावा लागतो. गेल्या मे महिन्यात चिपळूणला बहिणीकडे राहून मी कराडला परत येत होते. भर दुपार, एसी चालू, मागच्या सीटवर हापूसच्या दोन पेट्या. गाडीभर आंब्यांचा वास होता. त्यात आणखी एक गोडसर वास मिसळलाय हे माझ्या दोन वळणं उशिरा लक्षात आलं. साखरेचा पाक करपायला लागल्यावर येतो तसा, पण किंचित औषधी. मग काट्याकडे पाहिलं. एरवी मध्याच्या खाली बसणारा तापमानाचा काटा लाल रेघेला टेकायला आला होता.

रस्ता रुंद होता तिथं डाव्या अंगाला गाडी घेतली, इंजिन बंद केलं, बॉनेट उघडलं. वाफेचा लोट अंगावर आला. लहानपणापासून जे पाहिलं होतं तेच हाताला आठवलं: ओढणीचं टोक बोटांना गुंडाळलं आणि रेडिएटरच्या टोपणाकडे हात नेला. तेवढ्यात मागून कुणीतरी ओरडलं. "ओ ताई! हात काढा! टोपण उघडू नका!" वळणाच्या पुढे ट्रक लावून एक ड्रायव्हर धावत येत होता. त्यानं मला जवळजवळ बाजूलाच केलं. म्हणाला, "तोंडावर उडंल. गेल्या साली आमच्या क्लीनरचा हात सोलून निघाला."

त्यानं वाचवलं म्हणजे कशापासून वाचवलं, हे मला नंतर नीट समजलं. ते टोपण नुसतं झाकण नसतं, त्याच्या आत स्प्रिंगवर दाबलेला एक व्हॉल्व्ह असतो. टोपणावर ०.९ किंवा १.१ असा आकडा असतो, तो दाबाचा. इतका दाब आत साठल्याशिवाय व्हॉल्व्ह उघडत नाही. घरच्या कुकरचंच गणित. दाब वाढला की उकळण्याचा बिंदू वर सरकतो. साधं पाणी १०० अंशांना उकळतं. निम्मं कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवायला पाण्यात मिसळतात तो द्रव, आणि निम्मं पाणी असं मिश्रण त्या दाबाखाली सव्वाशे अंशांच्या आसपास जाईपर्यंत द्रवच राहतं. आता अशा तापलेल्या इंजिनाचं टोपण फिरवलं तर दाब क्षणात नाहीसा होतो, आणि सव्वाशे अंशांपर्यंत पोचलेला तो द्रव एकदम उकळून वाफेसकट बाहेर उसळतो. शिट्टी न काढता कुकरचं झाकण कुणी उघडायला गेलं तर आपण किंचाळू. बॉनेटखाली मात्र आपण बेधडक हात घालतो.

आम्ही पाऊण तास थांबलो. तो माणूस स्वतःचं काम सोडून थांबला, याचं ऋण मी विसरणार नाही. मग त्यानं ओलं पोतं टोपणावर टाकलं, पहिल्या खाचेपर्यंतच फिरवून उरलासुरला दाब जाऊ दिला, नंतर टोपण काढलं. आत पाणी दिसेना. त्यानं मला इंजिन चालू करायला लावलं आणि त्याच्या कॅनमधलं पाणी बारीक धारेनं, थांबत थांबत ओतलं. तापल्या लोखंडावर गार पाण्याचा लोंढा गेला तर तडा जातो, म्हणून ही सावकाशी. "आता एसी बंद. हीटर फुल्ल. काचा खाली. पाटणला पोचेपर्यंत काट्यावरची नजर काढू नका." मे महिन्यात हीटर लावून मी पाटणपर्यंतचा रस्ता कापला. हीटर म्हणजे डॅशबोर्डमागचा छोटा रेडिएटरच, तेवढीच उष्णता इंजिनाबाहेर निघते. आंबे घरी पोचेपर्यंत पिकले.

माझा मामा एसटीत ड्रायव्हर होता, चिपळूण आगारात. हाच घाट त्याचा रोजचा. शाळेच्या सुट्टीत मी त्याच्या गाडीत पुढच्या सीटवर बसायचे. ड्रायव्हरशेजारी इंजिनावर जे फुगीर झाकण असायचं, त्यावर चुकून पाय टेकला तर चटका बसायचा. मामाजवळ कायम पाण्याचा एक डबा. चढ संपला की गाडी थांबवायची, जरा दम खाऊ द्यायचा, पाणी घालायचं आणि निघायचं. आमच्यासाठी तो प्रवासाचा भाग होता, थांब्यावरच्या भज्यांसारखा. त्या काळी जुन्या बोर घाटात बॉनेट उघडून उभ्या असलेल्या टॅक्सी आणि अँबॅसेडर ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना हे वेगळं सांगायला नको. गाडीला तहान लागते, तिला पाणी पाजायचं, ही समजूत आमच्या पिढीच्या अंगात मुरलेली आहे.

आणि एके काळी ती खरीच होती. १८८८ च्या ऑगस्टमध्ये बेर्टा बेंझ आपल्या दोन मुलांना घेऊन, नवऱ्याला न सांगता, त्यानं बनवलेली तीनचाकी मोटार मानहाइमहून फोर्त्सहाइमला घेऊन गेली. सुमारे १०० किलोमीटर. मोटारीनं केलेला तो पहिला लांबचा प्रवास. त्या गाडीचं इंजिन गार राहायचं ते पाणी वाफ होऊन उडून गेल्यामुळे. उडून जाणं हीच तिची रचना होती, त्यामुळे बेर्टाला वाटेत मिळेल तिथून पुन्हा पुन्हा पाणी भरावं लागलं. मामाचा डबा त्याच घराण्यातला.

माझ्या गाडीची रचना मात्र तशी नाही. ती बंद आहे. पंपानं ढकललेलं कूलंट इंजिनात जातं, तापतं, रेडिएटरच्या बारीक नळ्यांत येऊन निवतं, पुन्हा आत जातं. तापून फुगलं की टोपणातून जास्तीचं बाजूच्या बाटलीत जातं. निवलं की टोपणातलाच दुसरा छोटा व्हॉल्व्ह ते परत ओढून घेतो. इंधनातल्या उष्णतेचा साधारण तिसरा हिस्सा या वाटेनं बाहेर जातो, आणि तरीही धड असलेल्या गाडीत महिनोन्‌महिने त्या बाटलीतली गार असतानाची पातळी बोटभरही हलू नये. हलली, तर कूलंट कुठूनतरी गेलं आहे. आटलं, जिरलं, "उन्हाळ्यात जातंच थोडं" या सगळ्या मनाच्या समजुती आहेत.

त्या समजुतीवर मी आठ महिने काढले होते. दर पाच-सहा आठवड्यांनी बाटली खाली जायची. ज्या वर्कशॉपमध्ये मी गाडी द्यायचे तिथं दर वेळी भरून मिळायची, बिलावर लिहिलेलं असायचं "टॉप-अप". मधल्या काळात मी स्वतःच नळाचं पाणी घालायचे. एकदा काटा किंचित वर दिसला म्हणून तक्रार केली तेव्हा त्यांनी काहीतरी केलं आणि त्यानंतर काटा उलट नेहमीपेक्षा खालीच राहायला लागला. मला वाटलं, दुखणं बरं झालं. गाडीचं ॲव्हरेज १७ वरून १५ वर आलं होतं, त्याचा याच्याशी काही संबंध असेल हे डोक्यातही आलं नाही. या सगळ्यात कुणीही, मीसुद्धा, एकच प्रश्न विचारला नव्हता: पाणी जातं कुठं?

तो विचारला कराडच्या बाजूला छोटं गॅरेज असलेल्या एका वयस्कर मिस्त्रींनी. शेजाऱ्यांनी नाव सुचवलं होतं. मी घाटातली सगळी हकीकत सांगितली. त्यांनी बॉनेट उघडलंच नाही. स्टुलावर बसले आणि विचारायला लागले. "ताई, गाडी गरम कधी होते? सिग्नलला उभी असताना, का हायवेला पळताना, का नुसती चढाला?" मी म्हटलं, चढाला. "गावात कधी?" नाही. "सकाळी बाटली बघता तेव्हा कमी असते, का संध्याकाळी?" मला माहीत नव्हतं. "गाडीखाली ओल दिसते?" नाही. "आत पायाशी कार्पेट ओलं? काचेवर आतून चिकट धुकं?" नाही. "सकाळी पहिल्यांदा चालू केली की सायलेन्सरमधून पांढरा धूर, बराच वेळ?" नाही.

डॉक्टर पोट दाबून "इथं दुखतं का, इथं?" विचारतात, तसं चाललं होतं. प्रत्येक प्रश्नामागं एक दुखणं आहे हे त्यांनी मला नंतर उलगडून सांगितलं. उभ्या गाडीत तापली, पळताना निवली, तर पंखा बघायचा, कारण पळताना वारा आपसूक मिळतो. पळताना किंवा चढाला तापत असेल तर कूलंट पुरेसं फिरत नाही किंवा पुरेसं नाहीच: पंप, चोंदलेला रेडिएटर, गळती. रेडिएटरचा वरचा होज, म्हणजे रबरी नळी, चटका देतो आणि खालचा गारच, तर रेडिएटरची वाट उघडणारा थर्मोस्टॅट अडकला असेल. कार्पेट ओलं आणि वास गोड, तर हीटरची टाकी फुटली. एसीचं पाणीही कधी पायाशी येतं, पण त्याला वास नसतो आणि ते बोटांना बुळबुळीत लागत नाही. बाटली भरलेली पण रेडिएटर रिकामा, आणि गाडी गार झाल्यावर होज चपटा पडलेला, तर टोपणाचा आतला व्हॉल्व्ह गेला. तो परत ओढूनच घेत नाही. पांढरा धूर, ऑइलच्या झाकणाखाली दह्यासारखा साका, चालू केल्याबरोबर होज दगडासारखा घट्ट: तर इंजिनाच्या हेडखालचं गॅस्केट फुटलं. हे शेवटचं सांगताना त्यांचा आवाज जरा खाली आला.

मग त्यांनी एक मार्कर पेन दिलं. "पाणी घालायचं आता बंद. चार दिवस गाडी फक्त गावात चालवा. रोज सकाळी, चालू करायच्या आधी, बाटलीवर पातळीची रेघ मारा आणि तारीख लिहा." चार दिवसांत चार रेघा झाल्या. पहिल्या दोन एकमेकींना चिकटून. तिसऱ्या दिवशी मी ओगलेवाडीला दोन चकरा मारल्या होत्या, तिथं एकदम पाव इंच खाली. म्हणजे उभ्या गाडीत जात नव्हतं, चालताना जात होतं. आठ महिन्यांत मला जे कळलं नव्हतं ते एका पेननं चार दिवसांत सांगितलं.

पाचव्या दिवशी त्यांनी बॉनेट उघडलं. पहिल्यांदा थर्मोस्टॅटचं घर खोललं आणि माझ्याकडे पाहिलं. आत थर्मोस्टॅट नव्हताच. तो काढून टाकलेला होता. काटा खाली का राहत होता ते तिथं दिसलं.

ही गोष्ट आपल्याकडे सर्रास होते, म्हणून तिच्यावर मला थांबायचं आहे. "आपल्याकडे कुठं बर्फ पडतं, कशाला हवा तो?" असं म्हणत थर्मोस्टॅट काढून फेकणारे पुष्कळ आहेत. थर्मोस्टॅट म्हणजे मेणाची छोटी डबी. साधारण ८२ ते ८८ अंशांना आतलं मेण वितळून फुगतं, दांडी ढकलतं आणि रेडिएटरची वाट उघडते. तोपर्यंत कूलंट इंजिनातच फिरतं, म्हणजे इंजिन लवकर तापतं. ते तापणं गरजेचं असतं. ऑइल पातळ होऊन सगळीकडे पोचतं, पेट्रोल नीट जळतं. थर्मोस्टॅट काढला की इंजिन कायम कोमट. गाडीच्या कॉम्प्युटरला वाटतं, अजून थंडच आहे, आणि तो पेट्रोल जास्त सोडत राहतो. माझं १७ चं १५ असं झालं होतं. शिवाय झीज वाढते ती वेगळी, ती दिसत नाही. ताप आलेल्या माणसाचा थर्मामीटर फोडून ताप उतरत नाही, आणि गळतीचा तर थर्मोस्टॅटशी काहीच संबंध नव्हता. ती आपली चालूच राहिली.

पुढची पायरी दाबाची. सायकलच्या पंपासारखा एक हातपंप, त्याला घड्याळ, रेडिएटरच्या तोंडाला घट्ट बसवला. गार इंजिनावर त्यांनी दाब १ वर नेला आणि आम्ही चहा प्यायलो. काटा हलला नाही. मी सुटकेचा श्वास सोडला, मिस्त्रींनी नाही. "गार असताना चोर झोपलेला असतो." गाडी तापवून, थोडी निवू देऊन परत दाब दिला. दहा मिनिटांत काटा ०.८ वर. पण थेंब कुठंच नाही. खाली कोरडं, होजची तोंडं कोरडी, रेडिएटरची जाळी कोरडी.

मग त्यांनी दाढीचा असतो तसा गोल आरसा लांब दांडीवर लावलेला काढला, टॉर्च माझ्या हातात दिला आणि पट्ट्याच्या चाकामागं आरसा सरकवला. "बघा." आरशात वॉटर पंपाची खालची बाजू दिसत होती. तिथं काडी जाईल एवढं एक भोक. भोकाखाली हिरवट-पांढऱ्या खपलीचा माग, नळाच्या तोटीखाली क्षार साचतात तसा. ते भोक कारखान्यातच मुद्दाम ठेवलेलं असतं. पंपाच्या दांड्यावरचं सील झिजलं की पाणी बेअरिंगमध्ये न शिरता तिथून बाहेर यावं, आणि बघणाऱ्याला कळावं, म्हणून. माझ्या पंपाचं सील इंजिन जोरात फिरलं की झिरपत होतं आणि थेंब खाली पडायच्या आत तापल्या धातूवर सुकून जात होता. मागं उरत होती ती खपली. आठ महिने ते भोक सांगत होतं.

पंप बदलायचा, टोपणही बदलायचं, कारण त्याची स्प्रिंग ढिली निघाली. इथवर ठीक. पण घाटात काटा लाल रेघेजवळ गेला होता, त्याचं काय? इंजिनाचा ब्लॉक लोखंडी, वरचं हेड ॲल्युमिनियमचं. तापल्यावर ॲल्युमिनियम लोखंडाच्या जवळजवळ दुप्पट पसरतं. दोघांमध्ये दाबून बसवलेलं पातळ गॅस्केट ही ओढाताण सोसतं, पण मर्यादेत. हेड फार तापलं तर वाकतं, डोळ्याला दिसणार नाही इतकं, आणि मग हेड उतरवा, फेसिंग करा, म्हणजे तासून सपाट करा, असा मोठा खर्च. मामाच्या गाडीचं हेडही लोखंडी. ते सोसायचं.

गॅस्केट फुटलंय का ते तपासायला एक निळं पाणी असतं. पारदर्शक नळीत ते भरतात, नळी रेडिएटरच्या तोंडावर धरतात, इंजिन गार असतानाच टोपण काढून मग चालू करतात, आणि रबरी फुग्यानं कूलंटवरची हवा त्या निळ्या पाण्यातून ओढतात. गॅस्केट फुटलं असेल तर जळलेला वायू कूलंटमध्ये शिरतो. त्यातल्या कार्बन डायऑक्साइडनं निळं पाणी पिवळं होतं. मिस्त्री फुगा दाबत होते, बुडबुडे वर येत होते, आणि मी त्या चार बोटं निळ्या रंगाकडे पाहत उभी होते. दोन मिनिटं. मध्ये एकदा उन्हाची तिरीप पडली आणि मला हिरवट झाल्यासारखं वाटलं. मिस्त्रींनी नळी सावलीत धरली. निळं. अजून दोन मिनिटं. निळंच.

"त्या ट्रकवाल्याला चहा पाजायला हवा तुम्ही," ते म्हणाले. मी वेळेवर थांबले होते म्हणून हेड वाचलं, आणि थांबल्यावर गडबड केली नाही म्हणून हात वाचला.

जुनं कूलंट काढलं तेव्हा ते हिरवं नव्हतं, चहासारखं तांबडं होतं. हे माझ्या नळाच्या पाण्याचं काम. कूलंट म्हणजे नुसतं गारव्याचं औषध नाही, त्यात गंज आणि क्षार रोखणारी द्रव्यं असतात. पाणी घालत गेलं की ती पातळ होत जातात, आणि बोअरचं जड पाणी असेल तर रेडिएटरच्या नळ्यांत तोच थर बसतो जो घरच्या गिझरमध्ये बसतो. उलट टोकही बरं नाही: पाणी न मिसळता नुसतं दाट कूलंट भरलं तर गाडी जास्त गार राहत नाही. उष्णता वाहून न्यायची ताकद पाण्यातच जास्त, कूलंटमधल्या ग्लायकॉलमध्ये ती पाण्याच्या निम्म्याहून थोडी अधिक. म्हणून निम्मं-निम्मं, आणि पाणी डिस्टिल्ड. रंगावर विश्वास ठेवायचा नाही, हेही तिथंच शिकले. हिरवा, गुलाबी, नारिंगी हे कंपन्यांनी घातलेले रंग. आतलं रसायन कोणतं ते गाडीच्या पुस्तकात आणि डब्यावर बघायचं, आणि दोन जातींची भेसळ करायची नाही.

गॅरेजच्या अंगणात एक तांबडी कुत्री तिच्या तीन पिल्लांसह होती. कूलंट घमेल्यात पडत होतं तेव्हा पिल्लं वास घेत आली. मिस्त्रींनी हातातलं काम टाकलं, घमेल्यावर फळी ठेवली, फळीवर जॅक ठेवला, आणि जमिनीवर सांडलेलं पाण्यानं धुऊन त्यावर माती टाकली. इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड असतं आणि ते विष आहे. पोटात गेल्यावर त्याची आम्लं होतात, मूत्रपिंडात खडे धरतात आणि जनावर मरतं. कुत्र्या-मांजराला थोडंसं पुरतं. लहान मुलाला धोका तोच. माझ्या गाडीतलं कूलंट एखाद्या दिवशी सोसायटीच्या पार्किंगमध्ये ठिबकलं असतं तर? आमच्या इथली मांजरं उन्हाळ्यात गाडीखालीच झोपतात. त्या रात्री मला घाटापेक्षा याचीच जास्त भीती वाटली. उरलेलं कूलंट कृपा करून शीतपेयाच्या बाटलीत भरून ठेवू नका, आणि गटारात ओतू नका.

नवं भरायला तासभर गेला. गाडीचं नाक उंचावर, हीटर चालू, टोपण उघडं, थोडं थोडं कूलंट. बुडबुडे येत राहिले. आत हवा अडकली तर ती नेमकी हेडजवळ बसते आणि तिथं धातू कोरडा तापतो. पंखा दोनदा लागून दोनदा बंद झाला, खालचा होज गरम झाला, म्हणजे नवा थर्मोस्टॅट उघडला, तेव्हा त्यांनी टोपण लावलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाटलीवरची पातळी रेघेच्या खाली होती. माझे हातपाय गळाले. फोन केला. "किती?" अर्धं बोट. "हवा निघाली असंल आतली. रेघेपर्यंत भरा आणि तीन दिवसांनी सांगा." तीन दिवसांनी रेघेवर. आठवड्यानं रेघेवर. जूनमध्ये पाऊस सुरू झाल्यावर मी चिपळूणला जाऊन आले, येताना तोच चढ, दुसरा गियर, एसी चालू. सकाळी छत्री मानेत धरून टॉर्च मारला. बाटलीवर मेमधल्या चार तारखा एकीखाली एक आहेत, पावसाळी ओलीनं थोड्या पुसट झालेल्या. त्यांच्या वर नवी एकच तारीख, आणि कूलंट बरोबर तिला टेकलेलं.